चाळीस घोडे आणि एक घाट

साताऱ्याच्या पलीकडं, मेढ्याच्या वरच्या अंगाला एक घाट आहे. आता तिथं डांबर घातलंय म्हणतात, वळणावर कठडेही बांधलेत म्हणतात. मी पुन्हा गेले नाही आणि कुणी पालखीतून नेतो म्हटलं तरी जाणार नाही. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांनी पाहिलाय त्यांनी माझ्या भीतीला खुशाल हसावं. मीही हसते, पण घरात, जमिनीवर मांडी घालून.

घाटापलीकडच्या ज्या गावाला आम्ही गेलो त्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. ते माझ्या नणंदेचं सासर आहे, आणि तिथली माणसं अजून वाचतात.

घरून निघताना

लढाईची वर्षं होती. पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं. सर्व्हिस मोटारी कोळशाच्या धुरावर चालायच्या, पाठीला बंबाएवढं पिंप बांधून. आमचं घर इस्लामपूरजवळ, उसाच्या रानात. पौषाचा महिना, गुऱ्हाळ लागलेलं, चरकाला दिवसभर बैल फिरत होते. अशात पलीकडच्या खोऱ्यातून माणूस निरोप घेऊन आला. माझी नणंद गोदा, पहिलटकरीण, नववा चढलेला. सुईण म्हणत होती की पोर आडवं आहे, माझ्या हातचं काम नाही, साताऱ्याच्या दवाखान्यात न्या, दिवस घालवू नका.

गोदाचा नवरा फौजेत. माझाही फौजेत. सासूबाईंचे गुडघे धरलेले. राहिले सासरे, त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं आणि मी मामंजी. आणि बाईमाणूस सोबत पाहिजे म्हणून मी.

माझी त्या वेळची ओळख करून देते. वय एकोणीस. मराठी सात यत्ता पास, आणि ते समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत कळेल अशी व्यवस्था करणारी. नवरा पलटणीत लॉरीवर होता. त्याची पत्रं दोन-दोन महिन्यांनी यायची, अर्धी काळ्या शाईनं खोडलेली. जे खोडलेलं नसायचं त्यात बहुधा इंजिनच असायचं, त्यात लपवण्यासारखं पत्र तपासणाऱ्या साहेबाला काही दिसत नसावं. इतर बायकांना पत्रातून ख्यालीखुशाली यायची, मला हॉर्सपावर यायची. अमुक गाडी साठ घोड्यांची, तमुक गाडी नव्वद घोड्यांची. मी ते पाठ केलं. आळीतल्या बायकांना पाण्यावर सांगितलं. हळूहळू माझी अशी ठाम समजूत झाली की मोटारीतलं मला कळतं. घोडे जास्त ती गाडी चांगली, इतकं सोपं. घोडे मोजता येतात, मला मोजता येतं, मग अडचण कुठं आहे?

सातारा

कराडमार्गे साताऱ्याला पोचेपर्यंत धुरानं तोंडं काळी झाली. त्या रात्री एका ओळखीच्याकडं उतरलो. आमच्याकडं आमटीत गूळ पडल्याशिवाय जेवण होत नाही, त्यांनी वाटीभर नुसतं तिखट वाढलं. मामंजींनी खाल्लं, मी रडत खाल्लं, आणि घरधनीण समजली की मला नणंदेची फार काळजी आहे. काळजी होतीच. पण डोळ्यांतलं पाणी मिरचीचं होतं, हे आज कबूल करते.

सकाळी मोटार बघायला गेलो. स्टॅंडामागच्या मैदानात दोनच गाड्या जाण्यासारख्या होत्या. एक विलायती, निळ्या रंगाची, उघड्या टपाची. तिच्या मालकाचं नाव वसंतराव. गळ्यात रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा. दुसरी एक म्हातारी लॉरी. तिचा एक डोळा फुटलेला, बॉनेट काथ्यानं बांधलेलं. ती कोळशाची लॉरी होती आणि नेमकी आमच्याच वाटेनं, पलीकडच्या खोऱ्यातून कोळसा भरून आणायला निघाली होती. तिचा ड्रायव्हर बिरूमामा. वडूजकडचा धनगर, बापजाद्यांनी मेंढरं राखली, हा पहिल्या लढाईत पलटणीत गेला आणि लॉरी शिकून आला. डोक्याला लाल पटका, मिशा पांढऱ्या, हात इंजिनाच्या रंगाचे.

मामंजींनी दोन्ही गाड्यांभोवती फेरी मारली. बैलबाजारात मारतात तशीच. निळ्या मोटारीच्या चाकापाशी वाकले, हात लावला आणि म्हणाले, "हिचं खांदं दिसत न्हाईत."

"मामंजी, ही चाळीस घोड्यांची आहे," मी म्हटलं. वसंतरावानं तसं सांगितलं होतं. मग लॉरीकडं वळून विचारलं, "आणि तुमची?"

"तीस असत्याल," बिरूमामा म्हणाला. "आता पंचवीस म्हना. पन बाई, घाटात घोडं मोजत न्हाईत. पीळ बगत्यात."

"पीळ म्हणजे?"

"साहेब त्याला टॉर्क म्हनायचा. आमी पीळ म्हनायचो. चाकाला किती जोरानं पिळून फिरीवती गाडी, त्यो. त्या निळीला धाव हाय, पीळ न्हाई. आबा, मी जातोयच. येताना पोरीला पुढं बशीवतो. मऊ वाकाळ टाकतो."

आता माझं उत्तर ऐका. मी म्हटलं, "आमच्या घरची मुलगी कोळशाच्या पोत्यांवरनं आणायची? आणि तीस घोडे चाळिसांपेक्षा जास्त कधीपासून झाले?" वर आणखी म्हटलं, "ह्यांनी पत्रात लिहिलंय."

ह्यांनी पत्रात यातलं काही लिहिलं नव्हतं. पण परदेशातल्या नवऱ्याच्या नावावर काहीही खपतं. मामंजींनी माझ्याकडं बघितलं, लॉरीकडं बघितलं. शिकलेली सून, पलटणीतल्या पोराची बायको. ते निळ्या मोटारीत जाऊन बसले.

बिरूमामा लॉरीचं हँडल फिरवता फिरवता एवढंच म्हणाला, "येताना वझं घेऊ नगा."

घाट, जाताना

मेढ्यापर्यंत मी आयुष्यात पहिल्यांदा पळाले. रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना भाताची कापलेली खाचरं, थंड वारं तोंडावर. झाडं मागं फेकल्यासारखी जात होती. बिरूमामाची लॉरी आम्ही साताऱ्याच्या वेशीवरच मागं टाकली होती. मी मामंजींना म्हटलं, "बघितलंत?" ते दाराला दोन्ही हातांनी धरून बसले होते, त्यामुळं बघत नव्हते.

मेढ्याच्या पुढं घाट लागला. वसंतराव खालूनच जोरात आला आणि त्या वेगावरच अर्धा चढ चढून गेला. पुढं गाडी जरा धापली, पण आम्ही तिघंच, ओझं नाही, चढाला मोठी वळणं नाहीत, म्हणून पोचलो. माथ्यावर मी मागं वळून पाहिलं आणि चाळीस घोड्यांचा मनातल्या मनात सत्कार केला.

मग पलीकडची उतरण सुरू झाली आणि माझा सत्कार थांबला. तिकडची बाजू वेगळीच होती. रस्ता डोंगराच्या पोटाला चिकटलेला, एका अंगाला दगड, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. कठडा नाही, झाड नाही, नुसता वारा. वळणं अशी की मोटारीचं नाक बाहेर निघायचं आणि मग वळायचं. मामंजी हळूच म्हणाले, "सूनबाई, ह्योच रस्ता चढून यायचा न्हवं आपल्याला?"

मी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

पलीकडचं खोरं

त्या खोऱ्यात दुपारीही थंडी होती. घरं उतरत्या छपरांची, गवतानं शाकारलेली. रानात जागोजाग कोळशाच्या भट्ट्या, त्यांचा धूर अंगणापर्यंत. आमच्याकडं पाहुण्याला आधी गूळपाणी, इथं आधी विस्तव. शेगडी पुढं ढकलली, हात शेकेपर्यंत कुणी बोललं नाही. मग नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि वरीचा भात. भूक अशी लागली होती की मी दोनदा मागून घेतला. नणंद आत कण्हत असताना. एकोणीस वर्षांचं पोट निर्लज्ज असतं.

गोदाचं तोंड पाहिलं आणि घास तिथंच थांबला. माझ्याहून दोन वर्षांनी लहान पोर, गालांची हाडं वर आलेली. सुईणीनं मला बाजूला घेतलं. "बाई, कळा अजून न्हाईत. आल्या तर वाटंत काय बी करता यायचं न्हाई. पोर आडवं हाय. आई बी जाईल." सांगून ती तांदूळ निवडायला बसली. तिच्यासाठी ते नेहमीचं होतं.

लगेच निघायचं ठरलं. पण लगेच म्हणजे तिकडच्या रीतीनं. पहिलटकरीण माहेरी जाते तेव्हा सासर शिदोरी देतं. आमच्याकडं शिदोरी म्हणजे पाटीभर. त्यांच्याकडं काय म्हणजे, ते अंगणात येऊन बघितलं. तांदळाची दोन पोती. नाचणीचं एक. मधाचं मडकं. तीन कोंबड्या, पाय बांधलेल्या. आणि गोदाची सासू, स्वतः.

मामंजी म्हणाले, "विहीणबाई, यवढं कशाला? पोरगी दवाखान्यात चाललीया."

"म्हंजी काय, रिकाम्या हातानं धाडू? लोक काय म्हंतील? आनि पावणं, वाटंत ह्यातलं काय बी भुईला टेकवायचं न्हाई. पोरीच्या वटीचं हाय. उंबऱ्यात उतरवलं तर उंबऱ्यात, न्हाईतर न्हाई. आमच्यात एकीची टेकली होती." एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं.

बिरूमामानं सांगितलं होतं, ओझं घेऊ नका. मला ते चांगलं आठवलं. पण वसंतराव पोती बांधताना गोदाच्या सासूला म्हणाला, "चाळीस घोडे आहेत, काकू," आणि मी मान हलवली.

घाट, येताना

खालच्या अंगाला दोन वळणं कशीबशी झाली. तिसऱ्या वळणावर वेग घ्यायला जागाच नव्हती. इंजिनाचा आवाज खाली खाली येत गेला. वसंतरावानं गिअर बदलायला दांडा ओढला, आतून दात खाल्ल्यासारखा आवाज झाला, आणि गाडी थांबली.

थांबली ती क्षणभरच. मग मागं सरकायला लागली.

हे मी आजही नीट सांगू शकत नाही. समोरचा दगड, जो जवळ येत होता, तो लांब जायला लागला. वसंतराव ब्रेकवर जवळजवळ उभा राहिला होता. मी मागं वळून पाहिलं. रस्ता वळत होता आणि आम्ही सरळ जात होतो. रस्त्याच्या पलीकडं खालच्या झाडांचे शेंडे दिसत होते. मामंजी धावत्या मोटारीतून कसे उतरले देव जाणे, त्यांनी एक धोंडा उचलून मागच्या चाकाखाली घातला. चाक त्याच्यावर चढलं, धोंडा सुटला आणि खाली गेला. तो तळाला पोचल्याचा आवाज आलाच नाही. दुसरा धोंडा मोठा होता. गाडी त्याला टेकली आणि राहिली. कडेपासून चाकाचं अंतर मी मोजलं नाही. मोजण्यासारखं नव्हतं.

कोंबड्या ओरडत होत्या. गोदा ओरडत नव्हती. तिनं माझं मनगट धरलं होतं आणि नखं आत गेली होती. म्हणाली, "वैनी, पानी सुटलं."

वसंतरावानं पुन्हा चालू करून बघितलं. इंजिन बेभान ओरडत होतं, चाळीसच्या चाळीस घोडे एकदम खिंकाळल्यासारखे, पण चाक एक वीत पुढं जायचं आणि मान टाकायचं. खालून जळक्या वासाचा धूर यायला लागला. तो चष्मा काढून म्हणाला, "वजन उतरवा. नाहीतर क्लच जाईल, मग सगळंच गेलं."

मामंजींनी पोत्याला हात घातला. गोदाची सासू आडवी आली. "टेकायची न्हाई भुईला! पोर मरंल माजी!"

आणि मी, सात यत्ता पास, काय केलं? मी सासूच्या बाजूनं उभी राहिले. घोड्यांवरचा विश्वास नुकताच उडाला होता, रिकाम्या जागी कशावर तरी तो ठेवायला पाहिजे होता. मी पोतं दोन्ही हातांनी आवळून धरलं आणि म्हटलं, "नको मामंजी. अपशकुन होईल."

गोदानं डोळे उघडले. "वैनी," ती म्हणाली, "तांदूळ वाचवत्यासा का मला?"

आणि स्वतःच पाय लावून तिनं पोतं ढकललं. ते रस्त्यावर पडलं, लवंडत कडेला गेलं आणि पलीकडं दिसेनासं झालं. मग दुसरं मी ढकललं. नाचणी मामंजींनी. मध वसंतरावानं. सासू भुईला बसली आणि तोंडावर पदर ओढला.

आम्ही सगळे उतरलो, फक्त गोदा आत. वसंतरावानं पुन्हा जोर केला. गाडी चार हात वर गेली. मग पुन्हा तो वास, आणि पुन्हा धोंडा. आता इंजिनही बंद. खोऱ्यात एवढं शांत झालं की गोदाचा श्वास मोजता येत होता. मी तो मोजत होते. मोजायची सवयच होती मला.

मग खालून एक आवाज ऐकू आला. घुर्रर्र, घुर्रर्र, सारखा, न वाढणारा, न कमी होणारा. वळणावळणानं वर येत होता. इतक्या हळू की मला वाटलं, हा आज पोचत नाही.

बिरूमामाची लॉरी वळणावर आली आणि दगडाच्या अंगानं घासत मोटारीच्या पुढं निघाली. पोती टपापर्यंत रचलेली. त्यानं ती चढावरच उभी केली, चाकामागं लाकडी ठोकळे घातले, उतरला, मोटारीकडं बघितलं, कडेकडं बघितलं, मग गोदाकडं. मला वाटलं, आता बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं वाकाळ काढली आणि म्हणाला, "धरा पोरीला."

गोदाला पुढं बसवलं, तिला धरायला मी. मामंजी आणि विहीणबाई वर कोळशावर. मग त्यानं लोखंडी साखळी काढली आणि निळी मोटार लॉरीच्या मागं बांधली, वसंतराव तिच्या सुकाणूवर. "ऱ्हाऊ दे तिला इथंच!" मी ओरडले. "वझं होईल!"

"अर्धा रस्ता अडलाय बाई. मागनं बैलगाड्या येत्याल. आनि खाली सपाटीला लागंल ती."

लॉरी सुटली तेव्हा मी डोळे मिटले. एक हिसका बसला, साखळी ताणली गेली, आणि मग पुन्हा तोच आवाज. घुर्रर्र. डोळे उघडले तर आम्ही वर जात होतो. कोळसा, आम्ही सगळे, आणि मागं साखळीला बांधलेले चाळीस घोडे. पायी चालणारा माणूस पुढं गेला असता इतक्या हळू. कळा सुरू झाल्या होत्या. गोदा दर थोड्या वेळानं ताठ व्हायची आणि माझ्या खांद्याला दात लावायची.

"बिरूमामा, जोरात न्या ना!"

"जोरातच चाललीया. जलद चालली न्हाई."

"तुमचे घोडे मेलेत का?"

त्यानं समोरची नजर काढली नाही. मला वाटतं, मला रडू येऊ नये म्हणून तो बोलत राहिला. "तुमच्यात चरक हाय न्हवं?"

"आहे."

"बैल कुठं जुपता? दांड्याच्या टोकाला का बुडाला?"

"टोकाला."

"बुडाला का न्हाई?"

"फिरणारच नाही. ऊस अडकून बसेल."

"का बरं? बैल त्योच. ताकद तीच."

गोदा ताठ झाली होती. ती सैल पडल्यावर तो पुढं बोलला. "टोकाला जुपला की त्याच बैलाची वड ऊस पिळून काडती. त्यो पीळ. त्यो सुरवातीपास्नं लागतो, थांबल्या जाग्यावरनं लागतो. आनि दिसभरात किती काहिली रस निगाला, त्ये झालं हॉर्सपावर. पीळ किती आनि फेरं किती, दोनी मिळून घोडं. त्या निळीचा दांडा आखूड. पीळ थोडा, मग ती फेरं लय मारती आनि चाळीस भरती. चढाला फेरं कमी झालं की तिचं घोडं कुटं गेलं?"

"गेले," मी म्हटलं.

"ह्या म्हातारीचा दांडा लांब. फेरं कमी, सावकास, पन पीळ सुटत न्हाई. तिला पळ म्हनलं तर न्हाई पळत."

चरकाभोवती मी लहानपणापासून वाढले. त्या दांड्यावर बसून फेरे घेतले. पण हे कळायला मला घाटाच्या कडेला, दुसऱ्याच्या लॉरीत, नणंदेचे दात खांद्यात घेऊन बसावं लागलं.

मेढा

माथा ओलांडून खाली मेढ्यात उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. लॉरीच्या नाकातून वाफ यायला लागली होती. बिरूमामा बादली घेऊन विहिरीकडं गेला. साखळी सोडलेली निळी मोटार मागं उभी होती. गोदाच्या कळा आता जवळजवळ येत होत्या. तिचे ओठ पांढरे पडले होते.

मामंजी कोळशावरून उतरले. "ऱ्हाऊ दे हितंच लॉरीत. पानी घातलं की निगू."

"त्या मुडद्या मोटारीत पुन्यांदा मेले तरी न्हाई बसू देनार," विहीणबाई म्हणाल्या. वसंतराव मोटारीला टेकून उभा होता, मान खाली. त्याला कुणी विचारत नव्हतं.

मी हिशोब केला. साताऱ्यापर्यंत सात-आठ कोस, सपाट. लॉरी भरलेली, तिला पळता येत नाही, त्यानंच सांगितलं. दीड तास तरी. मोटार रिकामी, रस्ता ओळखीचा, सकाळी अर्ध्या-पाऊण तासात आली होती. आणि क्लच? तो जळालेला होता. किती जळाला होता, कुणाला ठाऊक? अर्ध्या वाटेत गेला तर?

सकाळी मी किती पटकन बोलले होते! आता तोंड उघडेना. मी दोनदा चुकले होते, एकदा घोड्यांवर आणि एकदा तांदळावर. तिसऱ्यांदा चुकायला गोदा एकच होती.

"मामंजी," मी म्हटलं, "आता मोटार."

ते माझ्याकडं असे वळले की मी एक पाऊल मागं सरले. "तुजंच आयकून आलो न्हवं आपुन?"

"होय. चुकलं माझं. पण चढ संपला. आता पीळ नको, फेरे पाहिजेत. लॉरीनं गेलो तर उशीर होईल."

"आनि मोटार मदीच बसली म्हंजी?"

"माहीत नाही मामंजी. पण मागनं लॉरी येतेच आहे."

गोदा दोन कळांच्या मधे म्हणाली, "आबा, वैनी म्हंत्यात तसं करा." माझ्यावर एवढा विश्वास त्या दिवशी मी स्वतःही ठेवला नव्हता.

आम्ही तिला उचलून मोटारीत ठेवत होतो तेव्हा बिरूमामा बादली घेऊन आला. त्यानं बघितलं, बादली खाली ठेवली आणि वसंतरावाजवळ गेला. "वरच्या गिअरला टाकली की मग क्लचवरचा पाय काडून ठेव. साताऱ्यापतुर पुन्ना लावू नगं. थांबू बी नगं. म्हशी आडव्या आल्या तरी हॉर्न दे, पाय नगं."

पुन्हा सातारा

सकाळचाच रस्ता, सकाळचीच खाचरं. पण सकाळी मी पळाले होते आणि आता मी नुसती वाट बघत होते, तो वास येण्याची. दर वळणाला नाक वर करून हुंगायची. वसंतराव वाऱ्यासारखा नेत होता आणि हॉर्न काही थांबवत नव्हता. एका जागी खरंच म्हशी आल्या. त्यानं पाय लावला नाही. म्हशी कशा बाजूला झाल्या मला माहीत नाही, मी गोदाच्या केसांत तोंड घातलं होतं.

साताऱ्याच्या वेशीजवळ वास आला. थोडासा. मग जास्त. शेवटच्या चढावर दवाखान्याचं फाटक दिसलं आणि इंजिन ओरडायला लागलं, चाक मंद व्हायला लागलं. वसंतराव आणि मामंजी उतरून ढकलायला लागले. फाटकातल्या दोन नर्सबाईंनी हातगाडी आणली. गोदा आत गेली. मोटार तिथंच फाटकात उभी राहिली आणि पुढचे आठ दिवस तिथून हलली नाही.

डॉक्टरीणबाईंनी हात लावून पाहिलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "तुम्ही आणखी..." असं म्हणून थांबल्या आणि दार लावून घेतलं.

व्हरांड्यातल्या बाकावर मामंजी आणि मी. माझ्या पातळावर कोळसा होता, तांदळाची पांढरी धूळ होती, आणि आणखी काय काय. आतून आधी गोदाचे आवाज येत होते. मग तेही यायचे थांबले. ती शांतता घाटातल्या शांततेपेक्षा वाईट होती. मी मनात फक्त एकच म्हणत होते, मी तिसऱ्यांदा चुकले नाही, मी तिसऱ्यांदा चुकले नाही. हे प्रार्थनेसारखं म्हणता येतं हे तेव्हा कळलं.

मग बाळ रडलं. बारीक, रागावल्यासारखं. थोड्या वेळानं नर्सबाई बाहेर आली आणि म्हणाली, "मुलगी. आईचं रक्त फार गेलंय, पण आहे. शुद्धीवर आहे. वैनी कोण? तिला बोलावते." मामंजी खांबाला धरून खाली बसले.

मी आत गेले, बाहेर आले, तोंड धुतलं, तरी लॉरीचा पत्ता नव्हता. दिवेलागणीला ती फाटकाशी आली, तीच घुर्रर्र करत. वर विहीणबाई, काळ्याठिक्कर. बिरूमामा उतरला. त्यानं फाटकात अडकलेली निळी मोटार बघितली, मग मला बघितलं. जवळ आला नाही.

"दोघीही बऱ्या आहेत, मामा," मी म्हटलं. "मुलगी झाली. आम्ही पोचलो आणि अर्ध्या तासात झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आणलीत."

"कवा झालं?"

"तुम्ही यायच्या आधी. बराच वेळ."

त्यानं बोटांवर वेळ मोजली. मग लॉरीकडं गेला, काथ्यानं बांधलेल्या बॉनेटवर हात ठेवला आणि तिला म्हणाला, "आयकलंस का म्हातारे? आपुन आनली आस्ती तर उशीर झाला आस्ता."

म्हातारीच्या नाकातून वाफ निघत होती. तिला बोलायची सवय नव्हती. माझी मात्र त्या दिवसापासून थोडी कमी झाली, असं मामंजी पुढं सगळ्यांना सांगायचे. ते काही खरं नाही.